डायलिसिसवरील रुग्णाने श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम करावा का? कोणत्या उपकरणाने आणि केव्हा?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. माझे वडील हिमोडायलिसिसवर असून आठवड्यातून दोन वेळा बेळगावला जातात. वय एकसष्ट आहे आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचे मूळ कारण जुना मधुमेह. अलीकडे असे होते की, डायलिसिस पूर्ण होऊन वजन ठरलेल्या आकड्यावर आलेले असतानाही स्टँडवरून घराकडे येणारा लहानसा चढ त्यांना एका दमात चढता येत नाही. मध्ये एका दुकानाच्या कट्ट्यावर बसावेच लागते. छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको झाले आहे. फुप्फुसात पाणी नाही, हृदयाचे काम वयाच्या मानाने ठीक आहे आणि हिमोग्लोबिन १० च्या थोडे वर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी फिजिओथेरपी विभागाकडे पाठवले आणि तिथे ‘श्वास आत घेण्याच्या स्नायूंचा व्यायाम’ सुचवण्यात आला. मात्र त्या दिवशी गर्दी होती, बोलणे अर्धे कानडीत आणि अर्धे मराठीत झाले, आणि परतीची बस गाठायची असल्याने सविस्तर विचारता आले नाही.

कोरोनाच्या काळात आणलेले तीन गोळ्यांचे यंत्र घरात आहे. तेच वापरले तर चालेल का? हा व्यायाम डायलिसिस चालू असतानाच करतात असे ऐकले, परंतु अंगातले रक्त मशीनमधून फिरत असताना जोर लावणे धोक्याचे नाही का? शिवाय आप्पा वर्षानुवर्षे सकाळी प्राणायाम करतात. त्यामुळे हे नवे उपकरण खरोखरच लागणार आहे की नाही, याविषयी घरात दोन मते आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फिजिओ_टिळकवाडी

तुमच्या डॉक्टरांनी आधी पाणी, हृदय आणि रक्त तपासले आणि मगच स्नायूंचा विचार केला, हा क्रम योग्य आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत तो उलटा झालेला असतो. डायलिसिसवरील माणसाला धाप लागली तर ती बहुतेक वेळा अंगात साठलेल्या पाण्याची असते. घरच्या माणसांनाही ती ओळखता येते: डायलिसिसच्या आदल्या रात्री आडवे झाले की जीव घाबरा होतो, एका उशीच्या जागी दोन किंवा तीन उशा लागतात, घोट्यापाशी दाबले की खळगा पडतो, आणि मशीनवर पाणी निघाले की मोकळे वाटते. अशा धापेवर कोणतेही श्वासाचे उपकरण देऊ नये. तिथे जेवणातले मीठ, दोन डायलिसिसच्या मधले पाणी आणि कोरडे वजन (जादा पाणी निघाल्यावरचे ठरलेले वजन) यांचाच हिशेब नीट करावा लागतो. जी धाप वजन उतरल्यावरही तशीच राहते आणि चढावर, जिन्यावर किंवा घागर उचलताना लागते, तिच्यात स्नायूंचा वाटा असू शकतो.

छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, तो एक स्नायूच आहे. शांतपणे घेतलेल्या श्वासाचे बहुतेक काम तोच करतो. जोराचा श्वास घेताना बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू त्याला हातभार लावतात. मूत्रपिंडांच्या दीर्घ आजारात मांड्या आणि दंड ज्या कारणांनी झिजतात, त्याच कारणांनी श्वासपटलही दुबळे होते. रक्तातील वाढलेली आम्लता, शरीरात सतत धुमसणारा सूक्ष्म दाह, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, पथ्याच्या धास्तीने डाळ, अंडी आणि दूध यांना दिलेला फाटा, आणि मुख्य म्हणजे बैठे आयुष्य ही ती कारणे. मांडी बारीक झालेली आरशात दिसते, श्वासपटल दिसत नाही. म्हणूनच त्याची ताकद मोजावी लागते.

आता याचा चढाशी काय संबंध, ते सांगतो. श्वासाचे स्नायू थकायला लागले की शरीर त्यांना अधिक रक्त पोचवण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी जास्त ओढले की टोकाच्या शेताचे जे होते, तेच मग पायांचे होते. रुग्ण ‘पायांत त्राण नाही’ म्हणतो तेव्हा त्यातला काही भाग छातीतून आलेला असतो. श्वासाचे स्नायू बळकट करण्यामागचा विचार हाच आहे.

तीन गोळ्यांच्या यंत्राविषयी. ते इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटर असून शस्त्रक्रियेनंतर किंवा न्यूमोनियात फुप्फुसाचे मिटलेले भाग उघडावेत, यासाठी सावकाश आणि खोल श्वास घेण्याची सवय लावते. गोळी किती वर जाते हे हवेच्या वेगावर अवलंबून असते, स्नायूवर पडणाऱ्या ठरावीक भारावर नव्हे. स्नायूंच्या प्रशिक्षणासाठी जे उपकरण वापरतात, त्यात स्प्रिंगची झडप असते. तुम्ही ठरवलेल्या दाबाइतका जोर श्वास आत घेताना लावला तरच ती उघडते आणि हवा आत येते. जोर कमी पडला तर हवाच मिळत नाही. श्वास हळू घेतला किंवा जलद घेतला तरी हा भार बदलत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. नेहमी दिसणाऱ्या साध्या नमुन्यात हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या ९ ते ४१ सेंटिमीटरपर्यंत फिरवून ठरवता येतो. गोळ्यांचे यंत्र काही शेकड्यांत मिळते, स्प्रिंगचे काही हजारांत; तेव्हा आधी मोजमाप करून घ्यावे आणि मगच खरेदी करावी.

मोजमाप असे होते: श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोंडात नळी धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि बंद नळीतून सर्व शक्तीनिशी हवा आत ओढायची. निदान एक सेकंद टिकलेला सर्वांत मोठा दाब ग्राह्य धरतात. पहिल्या वेळी कोणालाच ते नीट जमत नाही, म्हणून आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. निरोगी प्रौढ पुरुषात हा दाब शंभर सेंटिमीटरच्या आसपास असतो, स्त्रियांमध्ये कमी आणि वयानुसार आणखी कमी. वय आणि लिंग यांनुसार अपेक्षित असलेल्या दाबाच्या ७० टक्क्यांहून कमी आढळला तर स्नायू दुबळे आहेत असे समजतात. समजा वडिलांचा आकडा ६० आला, तर सुरुवात त्याच्या तीस टक्क्यांनी, म्हणजे १८ वर झडप ठेवून करावी आणि काही आठवड्यांत, पुन्हा मोजून, निम्म्यापर्यंत म्हणजे ३० पर्यंत न्यावी. एका वेळी दहा ते पंधरा श्वासांच्या दोन-तीन फेऱ्या, मध्ये मिनिट-दोन मिनिटे विश्रांती. श्वास आत घेताना झटकन आणि जोराने घ्यायचा, सोडताना मात्र घाई करायची नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, आठ ते बारा आठवडे हा क्रम चालतो.

डायलिसिस चालू असताना हा व्यायाम करण्यात सहसा धोका नसतो, मात्र वेळ पाळावी लागते. चार तासांच्या डायलिसिसमध्ये पहिल्या दोन तासांतच व्यायाम उरकावा, कारण पुढे जसजसे पाणी निघत जाते तसतसा रक्तदाब घसरण्याचा आणि पायात गोळे येण्याचा संभव वाढतो. आम्ही वरचा रक्तदाब १८० च्या पुढे किंवा १०० च्या खाली असेल, छातीत दुखत असेल, ताप असेल किंवा त्या दिवशी वजन नेहमीपेक्षा फारच वाढून आले असेल, तर व्यायाम टाळतो. ज्यांची छाती, पोट किंवा डोळा यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांच्या फुप्फुसाभोवती पूर्वी हवा साठली होती, ज्यांच्या कानाचा पडदा फाटला आहे किंवा ज्यांची बरगडी मोडली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे उपकरण तोंडाला लावू नये. तुमच्या वडिलांना जुना मधुमेह असल्याने डोळ्यांचा मुद्दा विशेष लक्षात ठेवा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव झाला असेल किंवा लेझर झाले असेल तर नेत्रतज्ज्ञांचे मत घ्या.

निपाणीकर_डायलिसिसवाला

वरील उत्तर शास्त्राच्या बाजूने पूर्ण आहे. खुर्चीत पडून हा व्यायाम करणाऱ्याला काय जाणवते, तेवढे मी लिहितो. माझी उमेदीची वर्षे तंबाखूच्या वखारीत गेली. त्यामुळे डॉक्टरांनी आधी फुप्फुसांची वेगळी तपासणी करून धुळीमुळे श्वासनलिकांना आलेला अडथळा किती आणि स्नायूंचा दुबळेपणा किती, याचा अंदाज घेतला. निपाणी भागातल्या वाचकांनी, विशेषतः विड्या वळणाऱ्या किंवा वखारीत काम केलेल्या बायामाणसांनी, ही तपासणी टाळू नये. नळ्या आकसलेल्या असतील तर त्यांवरची फवाऱ्याची औषधे आधी सुरू करावी लागतात.

डायलिसिसची खुर्ची पूर्ण आडवी असेल तर हे जमत नाही. पाठ अर्धी उभी करून घ्यावी लागते. माझा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला आहे, त्यामुळे तो हात उशीवर जसा ठेवला आहे तसाच निश्चल ठेवून उपकरण उजव्या हाताने धरतो. पहिल्या काही श्वासांत झडप उघडलीच नाही, आणि हवा येत नाही म्हटल्यावर क्षणभर छातीत धडकी भरली. तेव्हा तंत्रज्ञाने भार दोन खुणा खाली आणला. झडप उघडते तेव्हा हलकासा ‘फट्’ असा आवाज येतो आणि मग हवा घशाशी थंड लागते. तो आवाज आला की श्वास बरोबर लागला असे समजायचे. नाकाचा चिमटा घामाने निसटतो, म्हणून आधी नाक कोरडे पुसावे. तोंडात लाळ साठते आणि नळीतून गळते, तेव्हा छातीवर एक पंचा हवाच. ओठ सैल राहिले तर कडेने हवा शिरते आणि फेरी फुकट जाते. कवळी वापरणाऱ्यांना हे विशेष जड जाते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा कवळी लावूनच करतात, काढली की त्यांचे ओठ नळीभोवती बसत नाहीत.

आमच्याकडच्या सिस्टर कानडी आहेत. त्या फेरी मोजताना ‘उसिर तगोरी’ (श्वास घ्या) असे एका लयीत म्हणतात आणि माझा श्वास आता त्याच लयीवर चालतो. कोणीतरी बाहेरून लय धरून दिली की माणूस उगाच भराभर श्वास घेत नाही. भराभर घेतल्यास चक्कर येते आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तसे झाले की थांबायचे, नुसते शांत बसायचे.

खाण्याच्या आधी व्यायाम करावा, नंतर नाही. मशीनवर असताना पोटभर खाल्ले की बीपी पडतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे, आणि भरल्या पोटाने श्वासपटलाला खाली सरकायला जागाही कमी मिळते.

फरक? जिना चढताना मधले थांबणे कमी झाले आहे. बोलता बोलता वाक्य तुटायचे, ते आता तुटत नाही. यापलीकडे काही दावा करणार नाही. क्रिएटिनिन, पोटॅशियम हे आकडे जसे होते तसेच आहेत.

चिकोडीचा_वाचक

माझी पत्नी डायलिसिसवर असल्याने या विषयावर मिळेल ते वाचतो. निवृत्त विज्ञान शिक्षक असल्यामुळे पुराव्याचा प्रश्न उपस्थित करणे मला आवश्यक वाटते. डायलिसिसवरील रुग्णांवर या व्यायामाच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा ब्राझीलमध्ये झाल्या आणि त्यांतील रुग्णांची संख्या बहुधा काही डझनांच्या पुढे गेलेली नाही. त्यांतून एवढे बऱ्यापैकी दिसते की श्वास आत ओढण्याचा कमाल दाब वाढतो आणि सहा मिनिटांत चालून होणारे अंतरही अनेक ठिकाणी वाढलेले आढळते. पहिल्या निष्कर्षाचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही, कारण ज्या स्नायूला रोज भार दिला तो बळकट होणारच आणि त्याच पद्धतीने मोजल्यावर आकडा वाढलेला दिसणारच. दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु आयुष्य वाढते, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळते, असे या लहान चाचण्यांच्या आधाराने कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझे मत असे की, हा व्यायाम चालण्याच्या जागी नव्हे, चालण्याच्या जोडीला करावा. डायलिसिस नसलेल्या दिवशी उन्हे उतरल्यावर सपाट रस्त्यावर चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, यांना पैसे लागत नाहीत. ज्याला धापेमुळे चालणेच सुरू करता येत नाही, त्याला मात्र उपकरणाने पहिला धक्का मिळू शकतो, हे मान्य.

प्राणायामाविषयीही सांगतो, कारण आमच्या घरी हाच वाद होता. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी यांनी मन शांत होते, श्वास सावकाश होतो. ते सोडण्याचे कारण नाही. पण नाकपुडी बंद केल्याने पडणारा अडथळा फार थोडा असतो, तो मोजता येत नाही आणि आठवड्यागणिक वाढवताही येत नाही, म्हणून स्नायूची ताकद वाढवण्याचे काम त्यावर सोपवता येणार नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक यांपासून रक्तदाब वाढलेल्या डायलिसिसच्या रुग्णाने दूर राहिलेले बरे. टीव्हीवर पाहून ते करणारे आमच्या गल्लीत कमी नाहीत.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. डोळ्यांचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नसता. आप्पांच्या उजव्या डोळ्याला मागच्या वर्षी लेझर झाले आहे, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांना विचारूनच पुढे जाऊ. एक शंका उरते. आमच्याकडे आठवड्यातून दोनच डायलिसिस होतात, मग तीन वेळांचा व्यायाम कसा बसवावा? आणि उपकरण घरी आणल्यास ते धुवायचे कसे? खानापूरच्या पावसाळ्यात कपडेसुद्धा चार दिवस वाळत नाहीत.

अथणीहून

याच धाग्यात विचारतो, क्षमस्व. माझ्या आईला पोटातून केले जाणारे डायलिसिस घरीच चालते, दिवसातून चार पिशव्या. द्रावण पोटात असताना तिला श्वास अपुरा वाटतो. तिने हा व्यायाम करावा का, आणि केल्यास पोट भरलेले असताना की रिकामे?

फिजिओ_टिळकवाडी

मलप्रभाकाठ, आठवड्यातून दोन वेळा डायलिसिसच्या खुर्चीत आणि उरलेल्या वेळा घरी, असा मेळ घालता येतो. घरी करायचे दिवस दोन डायलिसिसच्या मधले, सकाळचे निवडा. लांब सुट्टीचा शेवटचा दिवस, जेव्हा अंगात पाणी सर्वांत जास्त असते, तो सोडा. भार मात्र घरी स्वतःहून वाढवू नका. पहिल्या काही वेळा आमच्यासमोर करून, दहापैकी चार-पाच इतकी धाप लागते आहे ना, हे पाहून घेतले की मग घरी हरकत नाही. निपाणीकरांनी सांगितलेली चक्कर आणि मुंग्या, तसेच छातीत दुखणे, डोळ्यांपुढे ठिपके किंवा पडदा येणे, यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी थांबून आम्हाला कळवा. डोळ्याची तक्रार असेल तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

धुण्याविषयी: उपकरण कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, झटकून स्वच्छ फडक्यावर उभे ठेवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वाकते आणि झडप नीट बसत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवावे. ओलसर असताना पिशवीत किंवा डब्यात बंद करू नये, कारण बुरशी धरते आणि डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुळातच कमी असते. एकाचे उपकरण दुसऱ्याने वापरू नये, मग तो घरचा असला तरी.

चिकोडीच्या सरांशी पुराव्याबाबत माझा वाद नाही. चालण्याच्या जोडीलाच हा व्यायाम असावा, हे मीही रुग्णांना सांगतो. एवढीच भर घालतो की व्यायाम पूर्ण थांबवला तर मिळवलेली ताकद काही महिन्यांत ओसरते, म्हणून बारा आठवड्यांनंतरही आठवड्यातून दोनदा तरी तो चालू ठेवावा लागतो.

अथणीहून लिहिणाऱ्या दादांना: पोटात साधारण दोन लिटर द्रावण असते तेव्हा श्वासपटल वर ढकलले जाते आणि आडवे असताना तर अधिकच. त्यामुळे आईंना आधी बसून किंवा पाठ उंच करून बरे वाटते का ते पाहा. व्यायाम करायचा झाल्यास द्रावण काढून टाकल्यानंतर आणि नवी पिशवी सोडण्यापूर्वी करणे सोयीचे. परंतु बेंबीपाशी, जांघेत किंवा नळीच्या जागी फुगवटा दिसत असेल तर हर्नियाची शक्यता तपासल्याशिवाय हे उपकरण वापरू नका. आणि श्वास अपुरा वाटण्याचा त्रास अलीकडेच, अचानक वाढला असेल, निघणारे पाणी घातलेल्या पाण्यापेक्षा कमी भरत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा. क्वचित द्रावण श्वासपटलातून वर छातीत शिरते, आणि ते एक्स-रेवर लगेच कळते.